जुन्या ट्रकला नवा एअर फिल्टर: पैसा नेमका कुठे घालावा

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात किंवा देवास नाक्यावर बारा-पंधरा वर्षांचा ट्रक गॅरेजला लागला की मालकाची तक्रार ठरलेली असते. खलघाटाकडून वर येताना मानपूरच्या घाटात गाडीला दम लागतो, काळा धूर सोडते, ॲव्हरेजही पडलंय. त्यावर कुणीतरी हमखास सुचवतं, की कंपनीचा फिल्टरचा डबा काढा, कोनाच्या आकाराचा मोठा उघडा फिल्टर लावा, इंजिनाला हवा मोकळी मिळेल. ऐकायला पटतं. टाटाचा १६१३ असो, ४०७ असो की पिथमपुरात बनलेली जुनी आयशर, सल्ला सगळ्यांना हाच.

माझं उत्तर आधीच सांगतो. मेकॅनिकल पंपाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सविना डिझेल सोडणाऱ्या, जुन्या डिझेल ट्रकला उघडा कोन फिल्टर बसवू नये. त्याने ताकद वाढत नाही, आणि इंजिनाचं आयुष्य मात्र कमी होतं. पण हवेच्या वाटेवर खर्च करूच नये, असंही नाही. चार-पाच कामं अशी आहेत की त्यांत घातलेला पैसा नक्की वसूल होतो. ती दुकानाच्या काचेत चमकत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

हवा वाढली म्हणून ताकद का वाढत नाही

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते आणि हवेच्या मापाने पेट्रोल जातं. तिथे हवा वाढली तर ताकद वाढते. ही कोन फिल्टरची कल्पना मुळात तिथलीच. डिझेलमध्ये हवेच्या वाटेत अशी झडप नसते. इंजिन प्रत्येक फेऱ्यात मावेल तेवढी हवा ओढतं आणि ताकद ठरते ती पंप किती डिझेल सोडतो त्यावर. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण चांगल्या स्थितीतल्या डिझेल इंजिनाला पूर्ण लोडवरही वीस किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त हवा मिळत असते. म्हणजे हवा आधीच उरलेली असते. उरलेल्यात आणखी भर घातली तर पंप काही स्वतःहून डिझेल वाढवत नाही.

हवा खरंच कमी पडते तेव्हा काळा धूर येतो. तिथे हवेचा प्रश्न खरा आहे. पण तेव्हाही आधी हे शोधायचं, की मुळात मिळणारी हवा अडली कुठे. कारखान्यातून निघताना याच डब्यातून, याच इंजिनाला हवा पुरत होती.

आता आकडे घेऊ. टाटाचं ६९७ इंजिन ५६७५ सीसीचं. २४०० आरपीएमवर टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसताना ते तासाला सुमारे ३५० घनमीटर हवा ओढतं. टर्बो आणि त्याने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर असेल तर ६०० ते ६५० घनमीटर. ४९७ हे चार सिलिंडरचं ३७८३ सीसी इंजिन २८०० आरपीएमवर सुमारे २७० घनमीटर ओढतं. एवढी हवा फिल्टरमधून जाताना जो विरोध होतो तो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये, म्हणजे किती उंच पाण्याच्या दाबाएवढा आहे असा, मोजतात. नवा कागदी फिल्टर, डबा आणि पाइप मिळून हा विरोध साधारण २५० मिलिमीटर असतो. उघड्या कोनाने तो १०० वर आला असं धरा. बचत झाली १५० मिलिमीटरची, म्हणजे दीड किलोपास्कल. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे आणि इथला हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. तेव्हा हवेत झालेली वाढ दीड टक्का.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू उष्णतेची आहे. कंपनीचा पाइप केबिनच्या मागून, वरून, बाहेरची हवा घेतो. उघडा कोन बहुतेक जण बॉनेटखाली किंवा इंजिनाच्या बाजूला, रेडिएटरच्या झोतात बसवतात. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना तिथे ६७ अंश सहज होतात. पंचवीस अंशांनी तापलेली हवा सव्वासात टक्क्यांहून जास्त विरळ होते. दीड टक्का कमवायचा आणि सात घालवायचे, असा हा व्यवहार. इंटरकूलर असेल तर फटका थोडा कमी बसतो, कारण तो काही उष्णता काढून घेतो. तोटा मात्र राहतोच.

मग आवाज का बदलतो आणि पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? कंपनीचा डबा हवेचा आवाजही दाबतो. तो काढला की टर्बोची शिट्टी आणि हवा ओढण्याचा घोरता आवाज केबिनमध्ये येतो. कानाला जोर जाणवतो. खरी परीक्षा म्हणजे तोच चढ, तेवढाच लोड, तोच गेअर आणि घड्याळ.

ॲव्हरेजबद्दलही असंच आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तुंबलेल्या एअर फिल्टरवर चाचण्या केल्या. नव्या, इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत ॲव्हरेजवर फरक दिसला नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत दिसला. डिझेल ट्रकमध्ये फिल्टर पार तुंबला तर पूर्ण लोडवर धूर होतो आणि डिझेल वाया जातं. पण चांगल्या फिल्टरवरून "फ्री फ्लो" फिल्टरवर गेल्याने काही वाचत नाही. समजा एक टक्का वाचलाच, तर महिन्याला ६००० किलोमीटर आणि साडेचारचं ॲव्हरेज धरून ते १३ लिटर होतात. चाकांत कमी हवा असलेला ट्रक याहून जास्त डिझेल पितो.

आधी मोजा, मग बदला

फिल्टर तुंबलाय की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. काळा पडलेला कागद अजून बरेच दिवस चालू शकतो आणि वरून स्वच्छ दिसणारा तेलकट फिल्टर पूर्ण बंद असू शकतो. बऱ्याच डब्यांवर विरोध दाखवणारा छोटा इंडिकेटर असतो, ज्याच्या काचेत लाल पट्टी वर येते. जुन्या ट्रकांवर तो फुटलेला असतो, किंवा काढून भोकात बोल्ट ठोकलेला असतो. नवा इंडिकेटर बसवणं हे या लेखातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

त्याहून पक्कं माप हवं असेल तर पाण्याची यू-नळी घरी बनते. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाइप पुरेसा लांब घ्या. सुमारे एक मीटर लांबीच्या फळीवर त्याचा यू आकार करून खिळ्यांनी बसवा, मध्ये मापाची टेप चिकटवा. दोन्ही बाजू निदान ७० सेंटिमीटर उंच हव्यात. अर्ध्यापर्यंत पाणी भरा, दिसायला सोपं जावं म्हणून थोडं कुंकू किंवा शाई घाला. नळीचं एक टोक उघडं ठेवा. दुसरं टोक फिल्टरच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि इंजिन किंवा टर्बो यांच्यामधल्या पाइपवर, इंडिकेटरच्या भोकात बसवा. तिथे भोक नसेल तर पाइप काढून, गाडीपासून बाजूला नेऊन भोक पाडा आणि आतला चुरा पुसून मगच लावा; पाइप जागेवर असताना ड्रिल मारलं तर धातूचा चुरा टर्बोत जातो.

वाचताना दोन्ही बाजूंच्या पाण्यातला एकूण फरक धरायचा. एक बाजू १५० वर गेली आणि दुसरी १५० खाली आली, तर विरोध ३०० मिलिमीटर. गाडीकडे जाणारी नळी फळीच्या वरून आणखी मीटरभर उंच नेऊन मग खाली घ्या, म्हणजे चुकून पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही.

टर्बो नसलेल्या इंजिनात हवेचं प्रमाण लोडवर नाही, आरपीएमवर अवलंबून असतं. म्हणून गाडी उभी करून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तरी माप बरोबर येतं. टर्बोच्या इंजिनात तसं चालत नाही. तिथे लोड असेल तरच टर्बो हवा ओढतो, त्यामुळे भरलेल्या गाडीत, चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर मोजावं लागतं. शेजारी बसलेल्याने नळी वाचायची, ड्रायव्हरने रस्त्यावरच लक्ष ठेवायचं. भेरूघाटासारखा लांब चढ याला योग्य.

सर्वसाधारण मर्यादा अशी: टर्बो नसलेल्या इंजिनाला ५०० मिलिमीटरपर्यंत, टर्बोवाल्याला ६३५ मिलिमीटरपर्यंत. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. माप ३०० च्या आत असेल तर फिल्टरवर एक रुपयाही घालू नका. दोष दुसरीकडे आहे. नवा फिल्टर घालूनही ४०० च्या वर येत असेल, तर फिल्टरच्या आधी किंवा नंतर पाइप अडलाय.

या अडण्याचं एक कारण नेहमी निसटतं. जुन्या रबरी होजचा आतला थर सुटतो. बाहेरून होज ठणठणीत दिसतो, हाताने दाबला तरी कडक लागतो. पण इंजिनाने जोरात ओढलं की आतला थर आत फुगतो आणि वाट अर्धी बंद करतो. इंजिन बंद केलं की तो परत जागेवर. असा होज उभ्या गाडीत कधी सापडत नाही. काढून, आत बोट फिरवून, टॉर्च मारूनच तपासावा.

धुळीचा हिशोब

इथे खरं नुकसान आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

ट्रकचा चांगला कागदी फिल्टर आयएसओ ५०११ या चाचणीत ९९.९ टक्के धूळ अडवतो. उघडे कोन बहुतेक तेल लावलेल्या कापडी जाळीचे असतात; असे फिल्टर, अगदी नावाजलेल्या बनावटीचेही, ९९ टक्क्यांपर्यंत जातात, बऱ्याचदा त्याच्या खाली राहतात. ९९ आणि ९९.९ हे आकडे जवळचे वाटतात. पण इंजिनाच्या दृष्टीने प्रश्न किती अडलं हा नाही, किती आत गेलं हा आहे. शंभरात एक आणि हजारात एक, हा दहापट फरक आहे.

महिन्याला १५० तास इंजिन चाललं आणि सरासरी तासाला २०० घनमीटर हवा ओढली तर ३०,००० घनमीटर झाले. हवेत घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम धूळ धरू. गिट्टीच्या खाणीच्या रस्त्यावर, किंवा नर्मदेची वाळू भरायला पुढच्या ट्रकच्या मागोमाग नदीकाठी उतरताना, यापेक्षा कितीतरी जास्त असते. वर्षाची धूळ झाली १८०० ग्रॅम. ९९.९ टक्केवाल्या फिल्टरमधून १.८ ग्रॅम आत जाईल. ९९ वाल्यातून १८ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीनेक चमचे भरून. एवढी बारीक पूड वर्षभर लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टनवरच्या रिंगच्या मध्ये घासली जाते. रिंगखालचा तेलाचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. पाच ते वीस मायक्रॉनचे कण त्या थरातून डोकं वर काढतात आणि लायनर खरवडतात. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. त्यामुळे जाळीतून आरपार उजेड दिसत असेल, तर तिथून काय काय जात असेल याचा अंदाज बांधा.

इंजिनाने धूळ खाल्ली की खुणा एका ठरावीक क्रमाने दिसतात. तेल लवकर काळं पडतं आणि कमी होऊ लागतं. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, वाफ वाढते. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो. टर्बोच्या हवेच्या बाजूच्या पंख्याची पाती काठांवर गोलसर, वाळूने घासल्यासारखी होतात. हेड काढलं तर लायनरच्या वरच्या टोकाला, पहिली रिंग जिथवर जाते तिथे, नखाला लागेल अशी पायरी सापडते. तेलाची प्रयोगशाळेत तपासणी केली तर धुळीतून येणाऱ्या सिलिकॉनचा आकडा वर गेलेला असतो. तो २०-२५ पीपीएमच्या (दहा लाखांत २०-२५ भागांच्या) पुढे असेल तर हवेची वाट कुठेतरी फुटलेली आहे, असं धरून शोधायला लागावं. तोवर पिस्टन-लायनर किट आणि हाफ इंजिनाचा खर्च दारात आलेला असतो. त्या खर्चात कंपनीचे कागदी फिल्टर कित्येक वर्षं येतात.

तेलाच्या कापडी फिल्टरचं आणखी एक आहे. तो धुऊन, वाळवून, ठरावीक मापाने तेल लावून परत बसवायचा असतो. तेल कमी पडलं तर धूळ जाते. जास्त झालं तर तेलाचे थेंब पुढे उडतात. मेकॅनिकल पंपाच्या ट्रकला त्याने फारसं बिघडत नाही, पण हवा मोजणारा सेन्सर असलेल्या पिकअप आणि नव्या गाड्यांत ते तेल सेन्सरच्या तारेवर बसतं, सेन्सर चुकीचं वाचतो आणि धूर सुरू होतो. शिवाय लाइनवर असलेल्या ट्रकचा फिल्टर धुऊन रात्रभर वाळवायला वेळ कुणाकडे आहे? ओलाच बसवला जातो.

पैसा घालावा तो इथे

सगळ्यात आधी फिल्टर ते इंजिन या भागातले सगळे जोड. या भागात शिरलेली हवा न गाळलेली असते, त्यामुळे इथली मुंगीएवढी फटही फिल्टरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. पाइप काढून आत पांढरं कापड फिरवा. कोरडी धूळ लागली तर गळती आहे. कुठून, ते कळायला प्रत्येक जोडाच्या आत पातळ ग्रीसचा हात फिरवा, दोनशे किलोमीटर चालवा आणि उघडून बघा. जिथून धूळ येते तिथे ग्रीसवर पंख्यासारखी रेघ उमटते. होज नवे घ्या, क्लिपा नव्या घ्या. जुन्या क्लिपेचा पट्टा अंडाकृती झालेला असतो आणि कितीही आवळला तरी एका बाजूला फट राहते. लोखंडी पाइपच्या टोकाला वळी उठवलेली असावी, नाहीतर होज सरकतो. पाइप वेल्ड करून घेतला तर आतले वेल्डिंगचे दाणे घासून, धुऊन काढा. सुटलेला एक दाणा टर्बोचं पातं तोडतो.

दुसरं काम जुन्या ऑइल-बाथ फिल्टरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यात हवा तेलावर आदळून धूळ तेलात अडकते तो डबा असणाऱ्यांसाठी. अशा गाड्या अजून चालतात आणि ज्यांची आहे त्यांनी खरंच बदल करावा. ऑइल-बाथ पूर्ण वेगात ठीक काम करतो, पण कमी आरपीएमवर हवा तेलावर नीट आदळत नाही आणि बारीक धूळ निसटते. शहरात, मंडीच्या रांगेत इंजिन बराच वेळ आयडलवर असतं. लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत सोयाबीनच्या हंगामात याचा पुरेपूर अनुभव येतो. त्यात तेल खुणेच्या वर भरलं तर तेच तेल इंजिन ओढतं आणि इंजिन बेफाम पळत सुटतं. चावी बंद करूनही थांबत नाही, कारण ते आता डिझेलवर नाही, तेलावर चालत असतं. तेव्हा हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा बंद करावी, हात कधीच लावू नये.

त्याऐवजी दोन फिल्टरचा कागदी डबा बसवावा. बाहेरचा मोठा फिल्टर, आत छोटा सुरक्षेचा फिल्टर. डबा निवडताना इंजिनाचं सीसी सांगून अंदाजाने घेऊ नका, हवेचं माप सांगा: ४९७ ला निदान २७० घनमीटर, टर्बो ६९७ ला ६५० घनमीटर, तेही २५० मिलिमीटरच्या आतल्या विरोधावर. फ्लीटगार्ड, मान-हुमेल यांसारख्या उत्पादकांच्या कॅटलॉगमध्ये हे आकडे दिलेले असतात. शंका असेल तर एक माप मोठा घ्या. मोठ्या डब्याने नुकसान होत नाही आणि फिल्टर जास्त दिवस चालतो. कागदाचं क्षेत्रफळ वाढलं की विरोध कमी होतो आणि गाळणंही सुधारतं. उघड्या कोनाकडून जी अपेक्षा असते, ती खरं तर मोठा बंद डबा पुरी करतो.

पाइपच्या मापाकडे दुर्लक्ष नको. टर्बो ६९७ ला चार इंची पाइप असताना लोहामंडीत तीन इंची स्वस्त मिळाला म्हणून लावला, तर हवेचा वेग पावणेदोनपट होतो आणि विरोध तिप्पट किंवा जास्त. वळणं कमी आणि गोल ठेवा. ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप इंजिनाजवळ वापरू नका, उष्णतेने मऊ पडून तो पिचतो.

तिसरं काम प्री-क्लीनरचं. हवेच्या तोंडावर भोवऱ्यासारखी हवा फिरवणारा हा डबा जाड धूळ फिल्टरपर्यंत पोचूच देत नाही. वाळू, गिट्टी, मुरूम वाहणाऱ्या गाड्यांना फिल्टर दुप्पट चालल्यासारखा वाटेल. स्वतःचा विरोध थोडा वाढवतो, म्हणून बसवल्यावर यू-नळीने पुन्हा मोजा. गव्हाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, भुसा त्याच्या पात्यांत अडकतो. तेवढे दिवस रोज हात घालून काढावा. फक्त मंडीचा माल आणि डांबरी रस्ता असेल तर प्री-क्लीनर नसला तरी चालतं.

हवा घेण्याचं तोंड केबिनच्या मागे छताच्या उंचीवर असू द्या. चाकांजवळ धूळ दाट, वर विरळ. पावसाची टोपी वर घट्ट बसलेली हवी, कारण ओला झालेला कागद फुगतो, अडतो आणि वाळल्यावर घड्यांवर फाटतो. तोंड एक्झॉस्टच्या वाऱ्यात येत नाही ना, हेही बघा. काजळीचे कण इतके बारीक असतात की ते कागदाच्या आत बसतात, हवा मारूनही निघत नाहीत.

फिल्टर साफ करताना

इथे चांगल्या चांगल्या मिस्त्र्यांकडून चुका होतात, सवयीपोटी.

फिल्टर टायरवर आपटू नये. टोकाची पत्र्याची टोपी वाकते, रबर बसत नाही आणि धूळ गाळली न जाता बाजूने जाते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नये. तिचा दाब सात-आठ किलो असतो आणि कागदाला दिसणार नाहीत अशी भोकं पडतात. दोन किलोच्या आत दाब ठेवा, नोझल कागदापासून चार बोटं लांब, आणि हवा नेहमी आतून बाहेर. बाहेरून मारली की धूळ कागदात आणखी रुतते. मग अंधारात आत बल्ब किंवा टॉर्च घालून फिरवा. टिकलीएवढा उजेडाचा ठिपका दिसला तरी तो फिल्टर टाकून द्यायचा.

आणि रोज साफ करू नये. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच पुढची धूळ अडवतो. अर्धा भरलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगला गाळतो. दर वेळी डबा उघडला की थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडतेच. इंडिकेटर लाल होईपर्यंत डबा उघडायचं कारण नाही. तीन वेळा साफ झालेला फिल्टर चौथ्या वेळी साफ न करता बदला.

आतला छोटा फिल्टर कधीच साफ करायचा नाही. बाहेरचा तीनदा बदलला की तो एकदा बदलायचा. तो काढल्यावर धुळीने माखलेला दिसला तर बाहेरचा फाटलाय किंवा नीट बसलेला नाही. "हवा जास्त जावी" म्हणून आतला फिल्टर काढून ठेवणारे ड्रायव्हर आहेत. त्या गाडीत बाहेरचा फिल्टर फाटला की त्याच फेरीत इंजिन धूळ खातं.

डब्याच्या तळाशी रबराची चोच असते, तिच्यातून जाड धूळ गळून जाते. ती दर दोन दिवसांनी बोटांनी दाबा. पावसाळ्यात चिखलाने ती चिकटते. तुटली असेल तर त्या भोकातून धूळ उलट आत ओढली जाते, म्हणून नवी बसवेपर्यंत भोक बंद ठेवा, उघडं सोडू नका.

चढावर दम लागतो, तेव्हा

हवेचं माप ठीक आलं आणि तरी काळा धूर असेल, तर टर्बोच्या पुढे बघा. इंटरकूलरचे होज आणि जोड फुटले की टर्बोने दाबलेली हवा बाहेर जाते, इंजिनापर्यंत पोचतच नाही. टर्बोच्या तोंडावर झाकण बसवून, रेग्युलेटरने ०.३ किलो दाब देऊन, जोडांवर साबणाचं पाणी लावा. जिथे फेस येतो तिथे गळती. ब्रीदरमधून थोडी सळसळ येईल, ती रिंगांतून जाणारी हवा, तिला धरू नका. या बाजूला साध्या क्लिपेऐवजी टी-बोल्टची रुंद क्लिप वापरा. होज तेलाने मऊ पडला असेल तर नुसतं आवळून भागत नाही.

मग पंपावरच्या एलडीएची (टर्बोच्या दाबाप्रमाणे डिझेल वाढवणाऱ्या भागाची) बारीक नळी. ती तुटली किंवा आतला पडदा फाटला, की टर्बो हवा देत असूनही पंपाला ते कळत नाही आणि तो डिझेल वाढवत नाही. अशा वेळी धूर नसतो, नुसतीच गाडी ओढत नाही. धूर आणि दम दोन्ही असतील तर डिझेल फवारणारे नोझल तपासून घ्या, मग पंपाचं टायमिंग.

मायको कंपनीच्या डिझेल पंपाचा सील तोडून डिझेल वाढवून देणारे भेटतील. हवा तीच ठेवून डिझेल वाढवलं की धूर वाढतो, सायलेन्सरमधून जाणाऱ्या गॅसचं तापमान वाढतं, पिस्टनचा माथा आणि टर्बो दोन्ही जळतात. पीयूसीच्या चाचणीत जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धूर किती दाट, ते मोजण्याचं एकक) आहे, बीएस-४ गाड्यांना ५०. वाढवलेला पंप तिथेही अडकतो. पंप कॅलिब्रेशनच्या बेंचवर चढवून कंपनीच्या आकड्यांवर आणणं, हा त्याचा खरा इलाज.

सगळं जोडून झालं की पहिल्या ५०० किलोमीटरनंतर क्लिपा एकदा परत आवळा. नवं रबर उष्णतेने दबतं आणि पहिल्या फेरीत घट्ट वाटलेली क्लिप दुसऱ्या फेरीत हाताने फिरते. त्याच दिवशी यू-नळीचं माप परत घ्या आणि डब्याच्या आतल्या बाजूला रंगाने तारखेसह लिहून ठेवा. पुढचा फिल्टर कधी बदलायचा, हे मग त्या आकड्याशी ताडून ठरवता येईल.